शंभरातले पाच-सहा

विजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बसस्टँडवर होते. नंदूभाऊ, तिचा धाकटा भाऊ, एवढंच म्हणाला, "गेली गं... साडेसातला." आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं." शेजारच्या बाई सरकून बसल्या. त्यांना वाटलं असेल, काय पोरगी आहे ही. नंदूभाऊ मात्र रागावला नाही. मी काय म्हणतेय ते त्याला माहीत होतं. "हो," तो म्हणाला, "तिचं सगळं करून झालं होतं."

कॅन्सरचं माणूस गेलं की आपल्याकडे 'सुटली' म्हणतात. मला हा शब्द सहन होत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणी सुटत नसतं, त्याला जावं लागतं. ताईला अजून दहा वर्षं तरी हवी होती आणि तसं ती डॉक्टरांना तोंडावर सांगायची, जणू रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर अडकलाय. माझं 'बरं झालं' वेगळं होतं. तिच्या नावावर मी एक खोटं छापलं होतं, दोन हजार प्रतींत, आणि ते ती जिवंत असताना पुसून झालं होतं. दीड महिना झाला तिला जाऊन. रडू येतं, पण त्या रडण्याखाली एक घट्ट जमीन आहे. ती जमीन नसती तर मी हा लेख लिहायला बसलेच नसते.

ताई माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. सावद्याचं आमचं घर केळीवाल्यांचं. मी सहावीत असताना ती पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुटीला यायची आणि मी घरात शिरता शिरता काहीतरी मोठ्ठं सांगायचे. शाळेत हजार मुलं जमली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वगैरे. ताई केळीचं साल सोलत शांतपणे विचारायची, "हजार? तुमच्या ग्राउंडवर हजार मावतात?" मला तिचा भयंकर राग यायचा. कौतुक करायला काय जातं हिचं? पुढे मी जळगावला कॉलेजात आले, आंदोलनात पडले, पत्रकं लिहायला लागले, आणि तिथं नेमकं उलटं शिक्षण मिळालं. आमच्या गटातले जुने कार्यकर्ते शिकवायचे की पत्रकात 'काही' हा शब्द येता कामा नये. 'काही मुली' लिहिलं की वाचणारा म्हणतो, असतील दोन-चार. 'सगळ्या मुली' लिहा. 'बऱ्याचदा' नाही, 'नेहमी'. 'एकही नाही', 'संपूर्ण', 'आजवर कधीच'. रस्त्यावरचा माणूस पत्रकाला चार सेकंद देतो, त्या चार सेकंदांत त्याचं रक्त तापलं पाहिजे. मी हे चांगलं शिकले. जळगावात माझ्याइतकं चटका देणारं पत्रक कुणी लिहीत नाही असं मला वाटायचं. मोजलं नव्हतं, पण वाटायचं.

ताईचं काम मला पहिल्यांदा कळलं ते तिच्या प्रयोगशाळेत गेल्यावर. तिनं मला पांढरा झगा, टोपी, मास्क, बुटांवर पिशव्या असं सगळं चढवलं. समोर उभी होती तिचेही फक्त डोळे दिसत होते. एका पडद्यावर काळोखात निळसर ठिपक्यांची ओळ होती. तो प्रत्येक ठिपका म्हणजे कॅल्शियमचा एक अणू. त्यातला एक इलेक्ट्रॉन काढून घेतलेला, म्हणून त्याला आयन म्हणायचं. चिपच्या वर, निर्वात जागेत, विजेच्या जोरावर ते अधांतरी धरून ठेवलेले. नव्या प्रकारचा संगणक या आयनांवर गणितं करतो, आणि उत्तर वाचायचं तर आयनावर लेझर टाकायचा. तो उजळला तर एक उत्तर, काळाच राहिला तर दुसरं. अडचण अशी की एका अणूचा उजेड तो केवढा! आणि तो चारी बाजूंना पसरतो, आपल्याकडे येतो त्यातला जरासा. बाहेर एक मोठं भिंग लावून थोड्या आयनांचं भागतं. शेकडो आयन झाले की नाही भागत. ताईचा गट काचेवर, चिप बनवतात त्याच पद्धतीनं, बारीक बारीक भिंगं कोरायचा. दोन-तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढं एकेक भिंग, आणि ते आयनाच्या अगदी जवळ. मी तोंड वाकडं केलेलं पाहून ती म्हणाली, "अगं, ड्रीप. पाटानं पाणी सोडण्यापेक्षा प्रत्येक केळीला तिचा ड्रीपर. तसं प्रत्येक आयनाला त्याचं भिंग." तेवढं मात्र मला लगेच समजलं. सावद्याच्या पोरीला ड्रीप समजवावं लागत नाही.

पण समजलं म्हणून मी गप्प बसले असं नाही. बाहेर आल्याबरोबर मी तिला झाडलं. आमच्या वस्तीत पाण्यासाठी बायका हंडे घेऊन बसल्यात आणि इथं धुळीचा एक कण आत जाऊ नये म्हणून दिवसरात्र एसी. ताईनं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ती देशाची प्रगती वगैरे सुरू करणार. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पाण्याचं भांडण तू कर, मी हे करते. आणि तुझ्या भांडणात माझी सही लागली तर सांग." तिनं खरंच सह्या दिल्या, दरवेळी. फक्त सही करण्याआधी निवेदन वाचायची आणि समासात पेन्सिलीनं लिहायची, 'हे कुणी मोजलं?'

दोन वर्षांपूर्वी तिला आजार निघाला. नोकरी जमेनाशी झाली तेव्हा ती जळगावला नंदूभाऊकडे येऊन राहिली. अक्काला, म्हणजे तिच्या आईला, सावद्याला कळवलं गेलं की पित्ताचा त्रास आहे, हवापालटाला आलीय. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं, पण भावाबहिणीनं ठरवलं होतं.

त्याच सुमारास आम्ही एका शाळेविरुद्ध उभे होतो. मुलींची शाळा, विज्ञानाची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं कुलपात, प्रात्यक्षिकांचे मार्क मात्र न चुकता पडतात. संस्थाचालक म्हणाले, मुलींना कशाला हवेत प्रयोग, त्या काय रॉकेट उडवणार आहेत? हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं आणि एका बैठकीत मी पत्रक लिहून काढलं. मथळा: 'सावद्याच्या लेकीनं अणूचा सगळा उजेड पकडला!' खाली ताईचा प्रयोगशाळेतला फोटो, झगा-टोपी-मास्कमधला, फक्त डोळे दिसणारा. पुढे असं की जगात कुणाला जमलं नाही ते आपल्या विजयाताईंनी एकटीनं करून दाखवलं, एका अणूतून निघणारा संपूर्ण प्रकाश आपल्या भिंगात धरला, आणि तुम्ही आमच्या मुलींना साधं भिंग दाखवत नाही! जळगाव, पाचोरा, धुळे, सावदा, सगळीकडे वाटलं. माणसं थांबून वाचत होती. धुळ्याला तर एका कॉलेजच्या फाटकावर कुणीतरी डकवलंसुद्धा.

एक प्रत घेऊन मी मिरवत ताईकडे गेले. तिनं उशीला टेकून वाचलं. पुन्हा वाचलं. पेन्सिल मागितली नाही. कागद पांघरुणावर ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिली... मी इतकी वर्षं तिला ओळखत होते, ती चिडली की हसते हे माहीत होतं, पण दुखावली गेली की काय करते ते मला त्या दिवशी कळलं. काहीच करत नाही.

मग म्हणाली, "सगळा नाही गं. शंभरातला पाच-सहा हिस्सा. आणि तोही आमच्या सर्वांत चांगल्या भिंगाचा."

मी म्हटलं, लोकांना काय फरक पडतो? मुद्दा मुलींच्या प्रयोगशाळेचा आहे.

"मला पडतो," ती म्हणाली. "माझी अठरा वर्षं त्या पाच-सहामध्ये गेली. आधी दोन होते. भिंग जवळ नेलं की उजेड जास्त मिळतो, पण काचेवर विजेचा भार साठतो आणि तो आयनालाच ढकलून देतो. लांब ठेवलं की आयन शांत, पण उजेड कमी. त्या ओढाताणीत एकेक हिस्सा मिळवलाय, सात जणांनी मिळून. तू 'सगळा' लिहून सगळं संपवून टाकलंस. उद्या त्या शाळेतली एखादी मुलगी म्हणेल, हे तर झालं, आता मी काय करू?"

मी रडले, भांडले. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. कित्येक वर्षांपूर्वी तिनं स्वतः एका बैठकीत मोठा आकडा जाहीर केला होता. सगळ्यांनी पेढे खाल्ले. आठवड्याभरानं तिच्या लक्षात आलं की चिपच्या कडेवर आपटून परतलेला लेझरचा उजेडही मोजणीत शिरलाय. आयनाचा नव्हेच तो. एक ईमेल पाठवून भागलं असतं. तिनं तसं केलं नाही. ज्यांनी पेढा खाल्ला होता त्या प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन तिनं आकडा खाली आणला. "ईमेल लोक वाचत नाहीत," ती म्हणाली. "खोटं पायानं गेलं असेल तर खऱ्यालाही पायानंच जावं लागतं. किती छापली होतीस?"

"दोन हजार."

"तितकीच छाप. तेवढ्याच आकाराची. आणि जिथं जिथं वाटलीस तिथंच वाट. मी असेपर्यंत झालं तर बघ."

आमच्या गटात यावरून वणवा पेटला. आपणच आपल्याला खोटं ठरवायचं? संस्थाचालकांच्या हातात कोलीत द्यायचं? एक जण म्हणाला, इतिहासात कुठल्या चळवळीनं शुद्धिपत्रक वाटलंय? मी म्हटलं, मला माहीत नाही, मी मोजलेलं नाही. ताईचं वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा आलं ते असं, भांडणात. शेवटी मी एकटीनं छापलं, दोघी मैत्रिणी वाटायला आल्या. त्यात लिहिलं होतं की आधीच्या पत्रकातल्या दोन गोष्टी चुकीच्या होत्या, चूक ताईंची नाही, लिहिणारीची आहे. त्यांच्या गटातल्या सात जणांनी मिळून एका अणूतून निघणाऱ्या उजेडापैकी शंभरातला पाच-सहा हिस्सा एका बारीक भिंगात धरला. आणि प्रयोगशाळेचं कुलूप काढा ही मागणी कायम आहे.

संस्थाचालकांनी हसायचं तेवढं हसून घेतलं. त्यांच्या माणसानं माझ्यासमोर कागद नाचवत विचारलं, मॅडम, उद्या कुलूपही पाच-सहा टक्केच होतं म्हणाल का? कुलूप अजून आहे. आम्हीही आहोत. पण धुळ्याच्या कॉलेजबाहेर जे झालं ते मी विसरणार नाही. तिथल्या चहावाल्या भाऊंनी दोन्ही पत्रकं वाचली होती. मला बोलावून म्हणाले, "ताई, मांगे बठ्ठा उजेड धरा असं लिखेल व्हतं ना? आते पाच-सहाच? मंग बाकीना कोठे गया?" मी सांगितलं, सगळा सापडत नाही, बाकीचा बाजूनं निघून जातो, तिथं धरायला कुणी नाही. ते विचार करत गाळणी आपटत राहिले. म्हणाले, "मंग तठे बी भिंग लावाले पाह्यजे." हे ताईला जाऊन सांगितलं तर ती उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग दिसला. "बघ," ती म्हणाली, "'सगळा' वाचून त्यानं काही विचारलं होतं का?" आणि मग मला समजावू लागली की त्या भाऊंची कल्पना चांगली आहे, लोक तसे प्रयत्न करतातही, फक्त अडचण अमुक आहे... मी निम्मं ऐकलं नाही. ती बोलतेय हेच बघत होते.

यादीतलं एकच ठिकाण उरलं. सावदा, आमचंच घर. अक्कानं ते पहिलं पत्रक ओसरीवरच्या भिंतीला, कॅलेंडरच्या शेजारी चिकटवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. नंदूभाऊ म्हणाला, तिथं नको. म्हातारीला तेवढं राहू दे. मलाही तसंच वाटत होतं, खरं सांगते. जिची लेक चालली आहे तिच्या भिंतीवरून 'सगळा' काढून 'पाच-सहा' कुठल्या तोंडानं लावायचं? ताई मात्र हटेना. आईलाही सांगायचं. तेव्हा मला राग आला आणि मी नको ते बोलले. मी म्हटलं, "आकड्याचं खोटं चालत नाही तुला, आणि पित्ताचं चालतं?"

नंदूभाऊ उठून आत गेला. ताईनं डोळे मिटले. मला वाटलं आता ही मला कायमची घराबाहेर काढणार... डोळे न उघडताच ती म्हणाली, "ते भीतीनं केलं. तिची नाही, मला तिला रडताना बघायची भीती." आणि मग, "तेही सांगून ये. मला जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी सावद्याला गेले. एवढी घाबरलेली मी मोर्च्यात पोलिसांसमोरही नव्हते. अक्का ओसरीवर तूर निवडत होती. "काय वं, आज मधातच कशी आली?" मी आधी सोपं ते काढलं. शुद्धिपत्रक वाचून दाखवलं. सगळा नाही, पाच-सहा. एकटीनं नाही, सात जणांनी. चूक माझी. अक्का सूप हलवत ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते वाचलंच नही म्या. तिचा फोटो हाये म्हनून लावलं." मी म्हटलं, फोटोत तर तोंड झाकलंय. "डोये तिचेच हायेत ना." सूप खाली ठेवून तिनं विचारलं की एवढी शिकलेली सात माणसं, आणि पाच-सहाच सापडले? मी हो म्हटलं. "मंग लई अवघड काम असंल," अक्का म्हणाली. बस. ज्या गोष्टीसाठी मी रात्रभर जागी होते ती एवढ्यात झाली. तिनं कात्री आणली, जुन्या पत्रकातला फोटो कापून घेतला, उरलेला कागद माझ्या हातात दिला, आणि नवीन पत्रक भिंतीला लावून त्याच्या डोक्यावर तो फोटो चिकटवला.

दुसरं सांगायला मी तोंड उघडलं. अक्काच म्हणाली, "पित्त नही ना ते?"

"नाही," मी म्हटलं.

"चार महिने झाले, फोनवर माह्याशी भांडत नही ती. तवाच समजलं मले." ती उठली, आत गेली. मी बाहेर बसून आता रडण्याचा आवाज येईल म्हणून वाट बघत होते. कपाटाचा आवाज आला. अक्का पिशवी घेऊन बाहेर आली, दोन लुगडी आणि मेथीचे लाडू. "जळगावची गाडी कितीले हाये?"

दुपारी आम्ही जळगावला पोचलो. ताईनं आईला दारात बघितलं आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? "एवढ्या उन्हात कशाला आलीस?" अक्का म्हणाली, तुले विचारून येऊ काय? आणि दोघी सुरू झाल्या. खिचडीत हिंग किती, पंखा किती जोरात, केस का असे कापले. स्वयंपाकघरात नंदूभाऊ भिंतीला टेकून उभा होता. डोळे पुसत हसत होता. सोळा दिवस हे चाललं. सोळा दिवस त्या घरात कुणी कुणाशी खोटं बोललं नाही. ताईला दुखायचं तेव्हा ती 'दुखतंय' म्हणायची आणि अक्का पाय चेपायची, रडायचीसुद्धा, तिच्यासमोरच. ताई म्हणाली, मला वाटलं होतं त्याच्या मानानं सोपं आहे हे. शेवटच्या आठवड्यात मी तिला सांगितलं की दोन हजारपैकी माझ्याकडे एकही उरलं नाही. तिनं विचारलं, मोजलंस? मोजलं होतं. आंदोलनात पडल्यापासून मी पहिल्यांदाच काही मोजलं होतं. ती "शहाणी गं" म्हणाली आणि झोपली. तिच्याकडून मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र, आणि मला ते पुरतं.

तेराव्याला सावद्याला गर्दी होती. पाहुण्यांना प्रश्न पडलेला, विजू नेमकं करायची काय? रावेरचे मामा, अक्काचे भाऊ, ओसरीवर उभे राहून भिंतीवरचा कागद मोठ्यानं वाचून दाखवू लागले. माणसं पानावरून मान वर करून ऐकत होती. मामांना वाटलं असेल, माहेरचा माणूस म्हणून जरा भर घालावी. "एका अणूतला शंभरातला पाच-सहा हिस्सा उजेड, म्हणजे दहाएक टक्के धरा, विजूनं..."

अक्का आतून वरणाची बादली घेऊन येत होती. तिथंच थांबली.

"पाच-सहा," ती म्हणाली. "दहा नही. आन् एकटी नही, सात जनं होते."

मामांनी चष्मा वर सरकवला, कागदाच्या जवळ गेले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले. अक्का बादली हातात धरून, त्यांचं वाचून होईपर्यंत, उभी होती.